घरधनी आणि वाटसरू

आपलें घर रस्त्यावरून कसें दिसतें हें घरधन्यास क्वचितच ठाऊक असतें, आणि त्या घरांत काय आहे हें रस्त्यानें जाणाऱ्या वाटसरूस कळत नाहीं. तरीहि दोघे त्या घराविषयीं छातीठोकपणें बोलत असतात. हिंदुधर्माची गत कांहींशी अशीच झाली आहे. परके त्याजविषयीं जें बोलतात त्यांत चुकीचें पुष्कळ असतें, ही तक्रार आम्ही नेहमीं ऐकतों व करितोंहि. परंतु त्या धर्माचे म्हणविणारे आम्ही स्वतः जें समजून बसलों आहों त्यांत चुकीचें किती, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांतील कांहीं स्थळें डोळ्यांपुढें ठेवून दोन्ही बाजूंचा थोडा विचार करावा, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम परक्यांची बाजू घेऊं. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन यांनीं मोरभट्ट दांडेकर यांच्याशीं झालेल्या वादांत १८३२ सालीं हिंदुधर्माचें खंडन करणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या काळच्या पुष्कळशा मिशनरी लिखाणांत हिंदु म्हणजे दगडापुढें डोकें टेकणारा, तेहतीस कोटि देवांच्या गर्दींत वाट चुकलेला मनुष्य, असें चित्र दिसतें. हा दोष दुष्टपणाचा नव्हे, मापाचा होय. ज्याच्या धर्मास एक संस्थापक व एक प्रमाणग्रंथ आहे, तो दुसऱ्याच्या धर्मांतहि तींच दोन शोधतो. आणि तीं न सांपडलीं म्हणजे येथें धर्मच नाहीं असें म्हणून मोकळा होतो. बृहदारण्यकोपनिषदांत देव किती, असा प्रश्न याज्ञवल्क्यास पुनःपुन्हा विचारिला जातो. आणि तो तीन हजार तीनशें सहापासून उतरत उतरत अखेर एकावर येतो. हें ज्यास ठाऊक नाहीं त्यानें आमच्या देवांची मोजदाद करण्याची घाई करूं नये.

परंतु ज्या शाळेच्या अंकांत आम्ही हें लिहीत आहों ती मिशनची शाळा आहे. तेव्हां दुसरी हकीकतहि सांगणें न्यायाचें होईल. निकल मॅक्निकल यांनीं १९१९ सालीं मराठी संतांच्या अभंगांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. जस्टिन अ‍ॅबट यांनीं १९२६ पासून महाराष्ट्रीय संतकवींवर इंग्रजींत एक ग्रंथमालाच काढिली. हे दोघेहि मिशनरीच होते. परका मनुष्य उंबऱ्याच्या आंत आला, स्वस्थ बसला आणि ऐकूं लागला, कीं त्याची दृष्टि पालटते, याचे हे दाखले होत. १८९५ सालीं ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं तर ख्रिस्ताची भक्ति अभंगांतच गाइली.

आतां घरधन्याकडे वळूं. लेण्याद्रीच्या तीनशेंच्या आसपास पायऱ्या चढून गेलें म्हणजे गिरिजात्मजाचें दर्शन होतें. अष्टविनायकांपैकीं डोंगरावरील लेण्यांत असलेलें हें एकच स्थान. मूर्तीपुढील प्रशस्त दालनास एकहि खांब नाहीं, आणि त्याच्या भिंतींत भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत; कारण मुळांत तो बौद्ध विहार होता. शेजारच्या लेण्यांत स्तूप असून, तें चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्त नामक गृहस्थानें दिलें असें तेथील लेख सांगतो. गेल्या खेपेस आम्ही पायऱ्यांवर विसावलों असतां एक वृद्ध यात्रेकरू आपल्या नातवास म्हणाले, “बाळा, हें सारें पांडवांनीं एका रात्रींत कोरलें.” जवळच उभा असलेला एक शिकलेला तरुण हंसून म्हणाला, “आजोबा, हें बौद्धांचें. गणपति मागाहून बसविला. हें देऊळ खरें नव्हेच!” आमच्या मतें दोघेहि चुकले. आजोबांनीं सुलसदत्ताचें द्रव्य आणि पाथरवटांचा घाम पांडवांच्या नांवावर मांडला. तरुणानें पिढ्यान्‌पिढ्या त्या मूर्तीपुढें लागलेले दिवे हिशेबांतून वगळले. येथें विहार होता हें कबूल केल्यानें गणपतीस तिळमात्र उणेपणा येत नाहीं. १९५६ नंतर ज्यांनीं बौद्धधर्म स्वीकारिला ते आमचे बांधव याच लेण्यांकडे आपला वारसा म्हणून पाहतात. त्यांस पांडवांची कथा ऐकविणें म्हणजे त्या वारशावर पाणी सोडा असें सांगणें होय.

आमची दुसरी समजूत अशी कीं, आमचा धर्म अनादि कालापासून जसाच्या तसा चालत आला आहे. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा ब्राह्मी लेख आहे. त्याच्या आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र व सूर्य, आणि यम, वरुण, कुबेर व वासव हे चार लोकपाल यांस नमन केलें आहे. पुढें अश्वमेधादि यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे व कार्षापणें यांची यादी आहे. त्या नमनांत गणपतीचें नांव नाहीं, विठोबाचें नाहीं, खंडोबाचेंहि नाहीं. उलट, आज आमच्यापैकीं कोणाच्या देवघरांत इंद्र किंवा वरुण आहे? अश्वमेध कोण करितो? पाणी बदललें म्हणून कुकडी ही कुकडी राहिली नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. पण तिचें पाणी कधीं बदललेंच नाहीं असेंहि कोणी म्हणूं नये. जो धर्म इतका बदलत आला, तो यापुढें बदलतां कामा नये असें म्हणण्याचा अधिकार कोणाला?

आंबेगांवच्या पश्चिम भागांतील आहुपें येथें देवराई आहे. तेथें देवाच्या भयानें व प्रेमानें झाड तोडीत नाहींत. बाहेरच्या पंडितानें याला रानटी वृक्षपूजा म्हटलें, आणि शहरांतील हिंदूनें अडाणीपणा म्हटलें. दोघांनींहि धर्म पुस्तकांतच शोधिला. १९७० नंतरच्या दशकांत वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं पश्चिम घाटांतील देवरायांचा अभ्यास करून त्यांची थोरवी शास्त्रीय भाषेंत सांगितली, तेव्हां कोठें आमच्या सुशिक्षितांचे डोळे उघडले. डोंगरांतील महादेव कोळी बांधवांस तें सांगण्यास कोणा शास्त्रज्ञाची गरज नव्हती.

जुन्नर तालुक्यांतील आळें येथें एका रेड्याची समाधि आहे. ज्ञानेश्वरांनीं पैठणास ज्याच्या मुखें वेद वदविले तोच हा, अशी परंपरा आहे. परका हें ऐकून हंसतो. जनावराचीहि पूजा करणारे लोक, असें म्हणतो. आमचे भाविक हात जोडतात आणि चमत्कारावर थांबतात. संन्याशाचीं पोरें म्हणून ज्यांस वाळींत टाकलें, त्या भावंडांची ही कथा आहे. वेद ही कोणा एका जातीची मिरास नव्हे, हा तिचा अर्थ हंसणाऱ्याच्याहि हातीं लागत नाहीं आणि हात जोडणाऱ्याच्याहि नाहीं.

येथेंच आमच्या सर्वांत मोठ्या गैरसमजाची गांठ पडते. जातिभेद हाच हिंदुधर्म, असें परके म्हणतात तेव्हां आम्हांस राग येतो. परंतु हें त्यांस कोणी शिकविलें? जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखांत इरिल नांवाच्या यवनानें पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टांकीं, दान दिल्याची नोंद आहे. चित नांवाच्या दुसऱ्या यवनानें भोजनमंडप दिला. दोन हजार वर्षांपूर्वीं परदेशचा मनुष्य आमच्या डोंगरांत पाण्याची सोय करूं शकला. आणि १९२७ च्या मार्चांत डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां आमच्याच लोकांनीं तळें बाटलें म्हणून तें शुद्ध करण्याचा विधि केला! तो विधि करणारे आपण धर्मरक्षण करीत आहों अशाच समजुतींत होते. १९४७ सालीं पंढरपूरचें देऊळ हरिजनांस खुलें व्हावें म्हणून सानेगुरुजींस दहा दिवस उपोषण करावें लागलें. १९५० च्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली. पण मनांतील शिवाशीव कायद्याच्या कलमानें जात नाहीं. हा आमचा धर्म नव्हे, असें परक्यास ठणकावून सांगण्यापूर्वीं, आपल्या आळींत, आपल्या पाणवठ्यावर व आपल्या सोयरिकींत तो दिसत नाहीं ना, हें पाहणें आमचें काम आहे. वाटसरू ओसरीवरच्या वर्तनावरून घराची पारख करितो, आणि त्यांत त्याचें सर्वस्वी चुकतें असेंहि नाहीं.

शेवटीं आणखी एक गोष्ट. दुसऱ्याच्या घरापुढें आम्हीहि वाटसरूच आहों. भीमाशंकरच्या देवळापाशीं एक मोठी पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली त्या मोहिमेंतून ती आली. आम्ही तिच्याकडे विजयाची खूण म्हणून अभिमानानें पाहतों. ती ज्यांच्या प्रार्थनेस बोलावीत होती त्यांची श्रद्धा काय होती, हें आमच्यापैकीं कितीजणांनीं कधीं विचारिलें? ख्रिस्ती म्हणजे धर्म विकलेला, मुसलमान म्हणजे परका, बौद्ध म्हणजे रुसून गेलेला, हीं आमचीं मतें विल्सनसाहेबांच्या मतांहून अधिक शहाणीं नाहींत.

या शाळेच्या एकाच बांकावर हिंदु, ख्रिस्ती, मुसलमान व बौद्ध विद्यार्थी शेजारीं शेजारीं बसतात. शेजाऱ्याच्या धर्माविषयीं त्यालाच विचारण्याची अशी सोय पुढील आयुष्यांत फार थोड्यांस मिळते. ती त्यांनीं वायां घालवूं नये; आणि शेजाऱ्यानें आपल्या धर्माविषयीं विचारिलें असतां ठाऊक नसेल तें ठाऊक नाहीं म्हणून सांगावें, घरीं जाऊन शोधावें, व दुसरे दिवशीं खरें उत्तर आणावें. पुढल्या वर्षीं वर्गाची सहल लेण्याद्रीस गेली, तर गणपतीस नमस्कार करून शेजारच्या स्तूपापुढेंहि क्षणभर उभें राहावें, आणि सुलसदत्ताचें नांव घ्यावें, एवढेंच आमचें मागणें आहे.