माफ केलं, पण...

घरच्यांनीच घरच्यांना दिलेला दगा बघायला सीरियल कशाला लावायची? हिब्रू धर्मग्रंथातलं ‘उत्पत्ती’ हे पहिलंच पुस्तक उघडा. त्यापुढे आपलं ऑफिस पॉलिटिक्स म्हणजे बालवाडी!

म्हाताऱ्या इसहाकाला दिसत नाही. त्याला आशीर्वाद द्यायचाय थोरल्या एसावला. बायको रिबकेचा लाडका मात्र धाकटा याकोब. ती त्याला भावाचे कपडे चढवते आणि एसाव केसाळ म्हणून याच्या हातांना, मानेला करडांची कातडी गुंडाळते. आवाज ऐकून बापाला शंका येते, पण चाचपून बघतो आणि फसतो. मग चिडलेल्या एसावच्या भीतीने याकोब मामाकडे पळतो. तिथे मामाच त्याला मामा बनवतो! राहेलसाठी ७ वर्षं राबवून घेतो आणि लग्नाच्या रात्री पाठवतो तिची थोरली बहीण लेआ.

पुढे याकोबाचे मुलगे बापाच्या लाडक्या योसेफावर जळतात. तो तेव्हा १७ वर्षांचा. चांदीच्या २० तुकड्यांना त्याला विकायचं, ही आयडिया भाऊ यहूदाची. मग त्याचा अंगरखा बोकडाच्या रक्तात बुडवून बापाला विचारायचं, तुमच्या मुलाचाच आहे का बघा. ‘तो मेला’ असं कुणीच म्हणत नाही, ते बापच ठरवून टाकतो. पुन्हा भावाचे कपडे, पुन्हा बकरं. फक्त या वेळी फसणारा याकोब आहे.

दुष्काळात हेच भाऊ धान्यासाठी इजिप्तला जातात, तेव्हा योसेफ तिथला मोठा अधिकारी असतो. तो त्यांना ओळखतो, ते त्याला नाही. तो सर्वांत धाकट्या बन्यामीनच्या गोणीत आपला चांदीचा प्याला लपवून त्याला चोर ठरवतो. आता हे याला तरी सोडून जातात का? यहूदा पुढे होतो, ‘याच्याऐवजी मला गुलाम करा’ म्हणतो. योसेफाचा बांध तिथेच फुटतो.

पिक्चर असता तर इथेच संपला असता. मला मात्र ग्रेट वाटतो तो यापुढचा भाग. म्हातारा याकोब इजिप्तला येतो, सगळे १७ वर्षं एकत्र राहतात. तो जातो आणि भाऊ टरकतात. आता हा सूड घेणार! ते योसेफाला निरोप धाडतात, ‘भावांना माफ कर, असं वडील जाताना सांगून गेलेत.’ याकोब असं काही बोलल्याचं कथेत आधी कुठेच येत नाही. एवढ्या वर्षांनी पुन्हा एक थाप? असेलही.

निरोप ऐकून योसेफ रडतो.