कासव डायनासोरचे वंशज नव्हे, भाऊबंद



ऑलिव्ह रिडले कासवांवरील आपल्या पुरवणीतला लेख वाचला. कोकणातल्या संवर्धनाची माहिती उत्तम; पण कासवांना ‘डायनासोरचे जसेच्या तसे उरलेले वंशज’ म्हणणे दोन्ही अंगांनी चूक आहे.

आधी वंशजाचे पाहू. जर्मनीत सापडलेला पॅपोकेलिस हा कासवांच्या शाखेतला प्राणी सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीचा. अर्जेंटिनातले इओरॅप्टर, हेरेरासॉरस हे अगदी सुरुवातीचे डायनासोर सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचे. नातू आजोबांच्या आधी जन्माला येत नाही. सिरोंचा परिसरातील प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, कोटा थरांमध्ये बारापासॉरस हा डायनासोर आणि इंडोकेलिस हे कासव, दोहोंचे जीवाश्म मिळाले आहेत. तो शेजार झाला, वंशावळ नव्हे.

मग नाते कोणते? कासवाच्या कवटीत डोळ्यांमागे खिडक्या नसतात, म्हणून त्याला सरीसृपांत सर्वांत आदिम मानण्याची रीत होती. पॅपोकेलिसच्या कवटीत मात्र त्या खिडक्या आहेत. म्हणजे त्या पुढे बुजल्या. २०१२ मध्ये डीएनएच्या हजाराहून अधिक तुकड्यांची तुलना झाली आणि कासवांचे सर्वांत जवळचे आप्त मगरी व पक्षी ठरले. हिरव्या समुद्री कासवाच्या २०१३ मधील जनुकसंचाने तेच सांगितले. केवळ हाडांवरून वेगळी मांडणी करणारे अभ्यासक आहेत, पण जनुकांचा कौल ठाम आहे. पक्षी हे डायनासोरच. तेव्हा कोकणातल्या वेळासच्या वाळूतले कासवाचे पिल्लू घोरपडीपेक्षा त्याच्यावर झडप घालणाऱ्या कावळ्याला नात्याने जवळचे आहे!

‘जसेच्या तसे’ हेही खरे नाही. चीनमधल्या सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या ओडोंटोकेलिसला पोटाखालची ढाल होती, पाठीवरची पुरती नव्हती आणि तोंडात चक्क दात होते. कवच टप्प्याटप्प्याने घडले.

पर्यटकांना आकर्षित करायला एवढी अतिशयोक्ती चालते, असे कोणी म्हणेल. मला ती घातक वाटते. डायनासोर संपले तरी कासवे टिकली, मग आताही टिकतील, असा निष्काळजीपणा त्यातून येतो. ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरणाऱ्या मादीला पूर्वजांचा पराक्रम वाचवत नाही. कासव महोत्सवांतील फलकांवर आणि शालेय पुस्तकांत योग्य वंशवृक्ष द्यावा. आपणही पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

— एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, चिपळूण