गुरगुट्या भाताचा अंदाज

ऑगस्ट महिना जवळ आला कीं पुण्यांतील पुष्कळ घरांत वजनकांटा माजघरांत येतो. मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं परदेशीं निघालेली असते. विमानाच्या ठरीव वजनांत अर्धे कपडे आणि अर्धें मेतकूट, भाजणी, चटण्या व लोणचें अशी वांटणी होते. आजी एक पुडा हळूच आंत सरकविते, वडील तो बाहेर काढतात आणि आई तो पुन्हा जागच्या जागीं ठेवते. या ओढीला ‘जिभेचे चोचले’ म्हणून हंसणारे लोक आहेत. आम्हीही त्यांतलेच होतों.

गेल्या हिवाळ्यांत मात्र आमचें हंसूं आमच्यापाशींच राहिलें. आमचा एक पुतण्या जर्मनींत शिकतो. एका मध्यरात्रीं त्याचा आईला फोन आला. अंगांत ताप, बाहेर बर्फ आणि तोंडाला चव नाहीं. त्याला हवा होता तो फक्त गुरगुट्या भात, वर तूप आणि मेतकूट. तांदूळ, पातेलें आणि मेतकुटाचा डबा सारें त्याच्यापुढें होतें. त्यानें विचारलें एवढेंच, “वाटीभर तांदळांत पाणी किती घालूं?”

वहिनी म्हणाल्या, “अरे, अंदाजानें घाल.”

पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग तो म्हणाला, “आई, तो अंदाजच मला नाहीं ना!”

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलें. आम्हांस मात्र लाज वाटली. तेवीस वर्षें हा मुलगा आमच्या एकत्र कुटुंबांत वाढला, आणि नऊ माणसांच्या या घरांत कोणींही त्याला चुलीपाशीं उभें राहूं दिलें नव्हतें. “तूं आपला अभ्यास कर,” असें म्हणणारांत आम्हीच पहिले होतों.

या संदर्भांत आनंदीबाई जोशी यांचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. ७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून बोटीनें अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. परदेशांतही आपला आहार आणि पोषाख सोडावयाचा नाहीं, हा त्यांचा निर्धार. फिलाडेल्फियाच्या थंडींत शाकाहारावर दिवस काढणें सोपें नव्हतें. खोलींतील शेगडी अशी कीं पेटविली तर धूर आणि न पेटविली तर गारठा, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. तशाही स्थितींत ११ मार्च १८८६ रोजीं त्यांनीं वैद्यकाची पदवी मिळविली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं याच पुण्यांत क्षयानें त्यांचा अंत झाला. त्याचा दोष आहाराच्या माथीं मारणें शास्त्रास धरून होणार नाहीं. क्षय जंतूंमुळें होतो, हें कॉख यांनीं १८८२ सालींच दाखविलें होतें. परंतु आजारी माणसाला परक्या मुलखांत ओळखीचा घांस मिळणें म्हणजे चैन नव्हे, एवढें तरी आपण त्यांच्या कहाणीवरून समजून घ्यावें.

दुसरें उदाहरण पार्वतीबाई आठवले यांचें. हिंगण्याच्या आश्रमाच्या या कार्यकर्त्या १९१८ सालीं अमेरिकेस गेल्या. हातीं इंग्रजी बेताचेंच. पण घरकामाची संवय होती, आणि परक्यांच्या घरीं तेंच काम करून त्यांनीं आपला निर्वाह केला. आपण ज्याला ‘बायकांचें काम’ म्हणून मुलांपासून दूर ठेवतों, तेंच अडचणींत माणसाला उभें करतें.

आतां मेतकुटाविषयीं. हरभऱ्याची डाळ एक वाटी, तांदूळ अर्धी वाटी, उडदाची डाळ व गहू प्रत्येकीं पाव वाटी, हें आमच्या घरचें प्रमाण. हें सारें निरनिराळें कोरडें भाजून, त्यांत मेथ्या, मोहरी, सुंठ, हळद व हिंग घालून बारीक दळावें. पाण्याचा अंश उडालेला असतो आणि तेल मुळींच नसतें, म्हणून तें प्रवासांत टिकतें. तुपाची गोष्ट निराळी. कांहीं देशांत दुधाचे पदार्थ बरोबर नेण्यास मज्जाव आहे, तेव्हां नियम आधीं पाहावेत. बहुतेक ठिकाणीं लोणी मिळतें. तें मंद आंचेवर कढविलें कीं तूप होतें. गुरगुट्या भाताला वाटीभर तांदळास चार ते पांच वाट्या पाणी लागतें. हे सर्व आंकडे आम्ही आमच्या मातुश्रींच्या हाताखालीं वाटीनें मोजून लिहून काढले. त्यांचें वय शहाऐंशी आहे, आणि यापूर्वीं त्यांना ते कोणीं विचारलेच नव्हते.

डबा जरूर द्यावा. पण डबा संपतो. हातीं आलेला अंदाज संपत नाहीं. यंदा आमच्या घरून धाकटी पुतणी निघाली आहे आणि तिच्यामागें दोन वर्षांनीं तिचा भाऊ जाईल. म्हणून सध्यां रविवारचा स्वयंपाक त्या दोघांकडे सोंपविला आहे. पहिल्या रविवारीं भाताची पेज झाली. सर्वांनीं ती मेतकूट घालून मुकाट्यानें खाल्ली, आणि आम्हीं दुसऱ्यांदा वाढून घेतली.