शाल, श्रीफळ आणि निवृत्तिवेतन

मराठवाड्यातील शाळांना ध्वजवंदनाचा एक प्रसंग इतरांपेक्षा अधिक असतो : १७ सप्टेंबर. १९४८ साली या दिवशी निजामाची राजवट संपली. नांदेड-लातूरकडील शाळांत त्या दिवशीची मानाची खुर्ची दीर्घकाळ मुक्तिसंग्रामातील स्वातंत्र्यसैनिकांची होती. ती पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे, आणि शाळेच्या व्यासपीठावर गावचे माजी सैनिक अधिकाधिक दिसू लागले आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'मेरी माटी, मेरा देश' मोहिमेने तर सैनिकांच्या व हुतात्म्यांच्या कुटुंबांचे वंदन हा सरकारी कार्यक्रमच ठरवून दिला.

आपल्यापैकी काही कार्यकर्त्यांना अशा सत्कारांचा संकोच वाटतो. युद्धज्वराला आपला विरोध आहे आणि तो असलाच पाहिजे. परंतु शिपाई हा युद्धाचा पुरस्कर्ता नव्हे. तो बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा असतो. भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्याने धावणाऱ्या तरुणांच्या मनात देशप्रेम नसते असे कोण म्हणेल? पण सोयाबीनचा पडलेला भाव आणि भावाभावांत वाटून उरलेली जमीनही त्यांच्या मागे धावत असते. तेव्हा हा सत्कार एका श्रमिकाचा सत्कार आहे असे आपण मानावे, आणि श्रमिक म्हटला की मोबदल्याचा प्रश्न टाळता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात स्पष्ट केले की निवृत्तिवेतन ही मालकाची मर्जी किंवा कृपा नसून केलेल्या सेवेपोटी मिळणारा हक्क आहे. अर्थशास्त्रात त्यालाच स्थगित वेतन म्हणतात. शिपायाच्या बाबतीत त्याचे महत्त्व विशेष, कारण सैन्य त्याला ऐन चाळिशीच्या आसपास, मुले शाळेत असतानाच, घरी पाठवते. मग तो बँकेच्या दारात बंदूक घेऊन कंत्राटी पहारा करतो. 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' ही त्याची मागणी दशकानुदशके रखडली. १४ ऑगस्ट २०१५ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या आदल्याच दिवशी, दिल्लीत जंतरमंतरवर याच मागणीसाठी बसलेल्या वृद्ध सैनिकांना पोलिसांनी बळाने हटवले. देशभरच्या शाळांत त्या वेळी दुसऱ्या दिवसाच्या समारंभाची तयारी चालली असेल.

पुढच्या पिढीला तेवढेही उरलेले नाही. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा सेवेत राहील. बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही, उपदानही नाही. त्यांच्या हाती पडणार सेवानिधी, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांच्याच पगारातून कापलेली. योजनेच्या अटींनुसार अशा मुलाला 'माजी सैनिक' हा दर्जाही नाही. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ च्या सुमारास सुरू झाले. याच शाळेत शिकलेला असा एखादा तरुण पंचविशीच्या आत परत येईल, तेव्हा त्याला कोणत्या खुर्चीवर बसवायचे हे मुख्याध्यापकांना ठरवावे लागेल.

शाल पांघरणाऱ्या हातांकडेही पाहावे. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्या शिक्षकाला जुने निवृत्तिवेतन लागू नाही. त्याच मागणीसाठी महाराष्ट्रातील शिक्षक व कर्मचारी मार्च २०२३ मध्ये सात दिवस संपावर होते. (प्रस्तुत लेखक त्याआधीचा असल्याने दरमहा निवृत्तिवेतन घेतो, हे येथे सांगितलेले बरे.) सत्कार करणारा आणि सत्कार स्वीकारणारा यांचा प्रश्न एकच असताना ते वर्षातून एकदा हार देण्याघेण्यापुरतेच भेटतात.

शाळा चालविणाऱ्या संस्थांत आपले अनेक सहकारी आहेत. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की पाहुण्यांची भाषणे आटोपती घेऊन अर्धा तास त्या माजी सैनिकाला द्यावा. मुलांना प्रश्न विचारू द्यावेत : भरती कशी झाली, सीमेवर थंडीत काय खाल्ले, घरी पत्र किती दिवसांनी पोहोचे, निवृत्तीनंतर काम मिळाले का, दवाखान्यासाठी किती लांब जावे लागते. उत्तरे शाळेच्या हस्तलिखितात उतरवून घ्यावीत आणि त्यांची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पाठवावी.