आवाज हरवला नाही, वजा झालाय!

आपल्या हॉस्टेलमध्ये कॉम्प्युटरच्या सगळ्या आजारांवर एकच औषध आहे. "फॉर्मॅट मार!" मशीन स्लो झालं, फॉर्मॅट मार. व्हायरस आला, फॉर्मॅट मार. गाण्यात तबला वाजतोय, व्हायोलिन वाजतंय, पण गाणाराच गायब... तरीही फॉर्मॅट मार! फारच दयाळू डॉक्टर भेटला तर तो म्हणतो, "फाईल करप्ट आहे गो, डिलीट करून टाक." आणि हे डॉक्टर कोण? तर चार सेमिस्टर सर्किट सोडवलेले आपणच.

माझं म्हणणं एवढंच आहे की, गाण्यातून फक्त गायकाचा आवाज जातो तेव्हा तो बहुतेक वेळा हरवलेला नसतो, तो वजा झालेला असतो. आणि हरवणं वेगळं, वजा होणं वेगळं. हा फरक न समजता डिलीटचं बटण दाबणं इंजिनिअरला शोभत नाही.

आता वजा होतो म्हणजे काय? हेडफोनच्या पिनेवर टोकाला डावा चॅनल, मधल्या कड्यावर उजवा आणि मुळाशी ग्राउंड. डाव्या-उजव्या दोन्ही कानांतला करंट परत जातो तो या एकाच ग्राउंडमधून. पिन अर्धवट बसली किंवा वायर आतून तुटली की ग्राउंड सुटतं. मग करंटला परतीची वाटच नाही. तो डाव्या कानातून शिरतो आणि उजव्यातून बाहेर पडतो. दोन्ही स्पीकर सिरीजमध्ये! आता कानाला ऐकू येते ती दोन चॅनलमधली वजाबाकी, डावा उणे उजवा. स्टुडिओत गायकाचा आवाज बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच ठेवतात, म्हणून तो डोक्याच्या मधोमध ऐकू येतो. सारख्यातून सारखं वजा केलं की उरतं शून्य. वाद्यं डावी-उजवीकडे पसरलेली असतात, ती वाचतात. गायकाची उरते ती फक्त घुमणारी सावली, विहिरीतून कोणी गातंय अशी. कराओकेसाठी गाण्यातून आवाज काढायची जुनी युक्ती हीच. आपल्याकडे ती फुकटात घडते, कोणी न सांगता.

आपल्या किनाऱ्यावर याला आणखी एक कारण आहे, खारी हवा. मालवणात खिडकीचे गज सोडत नाही ती हवा हेडफोनचं सॉकेट कशाला सोडेल? पिनेवर काळपट, हिरवट थर चढतो आणि संपर्क तुटतो. म्हणून नवीन हेडफोनला पैसे घालण्याआधी पिन काढा, स्पिरिटच्या कापसाने पुसा, सुकू द्या आणि परत 'टक्' आवाज येईपर्यंत आत ढकला. अर्धे पेशंट इथेच बरे होतात.

बाकीच्या अर्ध्यांसाठी तपासण्या अशा. एखादं जुनं मोनो गाणं लावा. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण प्रसारित झालं, त्या काळातलं रेडिओवरचं सगळं मोनोच. मोनो म्हणजे दोन्ही कानांत अगदी तेच. तेव्हा ग्राउंड सुटलं असेल तर गायकाबरोबर वाद्यंही जवळजवळ गप्प होतात. तसं झालं की समजा, दोष गाण्यात नाही, पिनेत आहे. दुसरी तपासणी माईकवाल्या हेडफोनची. त्यांच्या पिनेवर एक कडं जास्त असतं आणि काही जुन्या जातींत ग्राउंड आणि माईकची जागा उलटी असते. वायरवरचं बटण दाबून धरलं की आवाज येतो आणि सोडलं की जातो? मग हेडफोन चांगला आहे, फक्त या सॉकेटशी त्याची पत्रिका जुळत नाही.

तिसरी तपासणी सिनेमावाल्यांसाठी. गाणी नीट वाजतात, पण पिक्चरमध्ये मारामारी ऐकू येते आणि डायलॉग नाही? फाईव्ह पॉइंट वनमध्ये डायलॉग मुख्यतः मधल्या स्पीकरला पाठवतात. तुमच्याकडे स्पीकर दोन आणि सेटिंगमध्ये सहा असं असेल, तर हिरो नसलेल्या स्पीकरमधून बोलतोय! सेटिंग स्टिरिओ करा. आणि शेवटी साऊंडच्या इफेक्टमध्ये कराओके किंवा व्हॉइस कॅन्सलेशनची टिक कोणी मारून ठेवलीय का तेही बघा. रूममेट हा प्राणी काहीही करू शकतो.

कोणी म्हणेल, "एवढं काय त्यात? एक गाणं गेलं तर दुसरं डाउनलोड करू. आणि आता सगळे ब्लूटूथ वापरतात, पिन हवी कुणाला?" गाण्यापुरतं खरं आहे. पण आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट अशी आहे, जी परत डाउनलोड होत नाही. दशावतार.

'वस्त्रहरण' १९८० मध्ये रंगभूमीवर आलं, त्याची संहिता आहे. उद्या सगळी रेकॉर्डिंग्ज पुसली गेली तरी ते नाटक वाचता येईल, परत करता येईल. दशावताराचं तसं नाही. आख्यान पुराणातलं, पण संवाद लिहिलेले नसतात. राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहतात आणि त्या रात्री जे सुचेल ते बोलतात. पुढच्या जत्रेला तेच आख्यान, पण बोलणं वेगळं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मला संकासुराची मालवणी निम्मी पहिल्यांदा कळत नाही. दोन-तीनदा ऐकल्यावर हसू येतं. पुस्तकात बघावं म्हटलं तर पुस्तकच नाही. म्हणजे त्या रात्रीचा आवाज हीच त्या रात्रीची संहिता.

आता जत्रेत आपलीच मुलं मिक्सरमधून थेट रेकॉर्डिंग घेतात, चांगलंच आहे. पण तिथे हीच वजाबाकी मोठं रूप घेऊन येते. मोठ्या मिक्सरच्या तीन पिनांच्या आउटपुटमध्ये बहुधा एकच आवाज दोन तारांवर असतो, एकीवर सुलट आणि दुसरीवर उलट. गोंगाट कमी व्हावा म्हणून ती सोय. ती वायर साध्या स्टिरिओ पिनेने रेकॉर्डरला जोडली की डाव्या चॅनलमध्ये सुलट आवाज, उजव्यात उलट. हेडफोनवर जरा विचित्र, पण ऐकू येतं. तीच फाईल एकाच स्पीकरच्या मोबाईलवर किंवा ब्लूटूथच्या डब्यावर लावा. दोन्ही चॅनल एकत्र होतात, सुलट अधिक उलट, बरोबर शून्य! रात्रभरचं नाटक, आणि फाईल मुकी. इथे ब्लूटूथही वाचवत नाही, कारण दोष आता पिनेत नाही, फाईलमध्ये आहे. मग कोणीतरी म्हणतं, "ब्लँक आलीय रे, उडव."

उडवू नका! आवाज त्यात पूर्ण आहे. ऑडॅसिटी फुकट मिळतं. त्यात दोन चॅनल वेगळे करा आणि नुसता डावा ठेवा, किंवा उजवा 'इन्व्हर्ट' करून परत जोडा. पाच मिनिटांचं काम आहे. पण तीच फाईल जागा वाचवायला मोनो करून ठेवलीत आणि मूळ पुसलीत, तर मात्र आवाज खरोखर गेला. शून्याचे परत दोन भाग करून देणारं सॉफ्टवेअर नाही, आजचं एआयसुद्धा नाही. ते आवाज वेगळा काढू शकतं, पण मुळात असायला तर हवा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जत्रेला रेकॉर्डर घेऊन जाणाऱ्यांनी सुरुवातीच्या आडदशावतारातच एक मिनिट रेकॉर्ड करावं आणि एका साध्या मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून बघावं. मुख्य आख्यान सुरू व्हायच्या आत चूक सापडते. मूळ फाईल पुसू नये. आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांनी फर्स्ट इयरच्या एका प्रॅक्टिकलला रेझिस्टरऐवजी तुटक्या ग्राउंडचा हेडफोन टेबलावर ठेवावा. कर्शॉफचा नियम कानांनी ऐकला की पोरं जन्मभर विसरणार नाहीत.

बाकी विंडोज फॉर्मॅट करायचा असेल तर खुशाल करा. फक्त त्याआधी एकदा पिन नीट बसलीय का, तेवढं बघा!