घाट कोणाच्या मालकीचे?

"या वयात सायकल चालवायचीच असेल तर निदान सपाटीवर चालव." हे वाक्य मला आजवर लेकीने ऐकवलंय, जावयाने ऐकवलंय, पुण्याच्या भाच्याने ऐकवलंय. कहर म्हणजे एका सहल कंपनीच्या गुळगुळीत माहितीपत्रकानेही ऐकवलं! फ्रान्समधल्या सायकल सहलींचे त्यात दोन कप्पे केले होते. "कुटुंब आणि ज्येष्ठांसाठी" म्हणजे नदीकाठ, कालवे, सपाट वाटा. "खेळाडूंसाठी" म्हणजे डोंगर, जंगल, घाट. थोडक्यात काय, तर साठी उलटली की झाडी आणि डोंगर बंद. पाण्याच्या कडेकडेने गुमान चालायचं.

मंडळी, ही वाटणी मला साफ नामंजूर आहे. फ्रान्समधले झाडीभरले डोंगर शर्यतवाल्यांना कुणी आंदण दिलेले नाहीत. उलट सहलीची सायकल आज जशी आहे तशी घडली ती याच डोंगरांत, आणि घडवणारे शर्यतवाले नव्हते. इतिहास शिकवण्यात हयात गेली माझी, तेव्हा थोडा इतिहास सांगणारच.

माझी धाकटी लेक सेंत-एत्येन नावाच्या शहरात राहते. एके काळी कोळशाच्या खाणी आणि सायकलींचे कारखाने यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव. शहर संपता संपताच दक्षिणेकडे चढ लागतो आणि बारा-तेरा किलोमीटर सूचिपर्णी झाडांच्या गर्द रानातून वर जाऊन कोल द ला रेपुब्लिक या घाटमाथ्यावर पोचतो. उंची ११६१ मीटर. याच शहरात पॉल द व्हिव्ही (जन्म १८५३) नावाचा रेशमाचा व्यापारी होता. सायकलीच्या नादाने त्याने धंदा बदलला, १८८७ मध्ये सायकलस्वारांसाठी मासिक काढलं आणि 'वेलोसिओ' या टोपणनावाने लिहू लागला. दाराशीच घाट, आणि तेव्हाच्या सायकलीला वेग बदलायची सोय नाही. म्हणून हा गृहस्थ वर्षानुवर्षं गिअरचे प्रयोग करत राहिला आणि त्यांचा प्रचार करत राहिला. शाकाहारी माणूस. त्याचा उपदेश अगदी आपल्या आजीच्या वळणाचा होता: भुकेची वाट न बघता खावं, तहानेची वाट न बघता प्यावं, आणि मिरवण्यासाठी म्हणून पायडल मारू नये. १९३० साली तो गेला. त्याच्या नावाने हा घाट चढायचा वार्षिक मेळा १९२२ मध्ये, म्हणजे त्याच्या हयातीतच सुरू झाला होता.

आता दुसरी बाजू. आंरी देग्रांज हा पॅरिसचा संपादक. १९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू केली ती यानेच. त्याचं मत असं, की गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी. खऱ्या मर्दाने स्नायूंच्या जोरावर जिंकावं! त्याच्या शर्यतीत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली, त्याच्या हातून कारभार सुटल्यावर. (पंचेचाळिशीच म्हणाल, तर मला ती पात्रता मिळून सत्तावीस वर्षं झाली.) आणि ज्या घाटात वेलोसिओ गिअर तपासत होता, त्याच घाटात १९०४ च्या शर्यतीत एका स्थानिक स्पर्धकाच्या चाहत्यांनी रात्री अंधारात इतर स्पर्धकांना अडवून मारहाण केली. सांगा आता, डोंगराचा खरा वारसदार कोण?

आता थोडं गणित. चढ म्हणजे दमछाक, ही समजूत जुन्या एकगिअरी सायकलीची आहे. माझ्या सायकलीचं पुढचं लहान चक्र २६ दात्यांचं आणि मागचं मोठं ३४ दात्यांचं. या जोडीवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे, म्हणजे तासाला पावणेसहा किलोमीटर. भाजी आणायला जाताना चालते त्याच्यापेक्षा किंचित जास्त. या वेगाने तो तेरा किलोमीटरचा घाट सव्वादोन तासांत होतो. वाटेत दोनदा बसले, एक केळं खाल्लं, तर तीन तास. बिघडलं कुठे? फारच खडा चढ आला तर उतरून सायकल हातात धरून चालावं. चालण्यात लाज वाटते ती शर्यतवाल्याला, मला का वाटावी?

सपाट वाटांशी माझं वैर नाही. १९९७ मध्ये बर्गंडीत जिव्री ते क्लुनी या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर अशी पहिली 'हिरवी वाट' झाली, आणि नंतर देशभर झाल्या. लहान पोरांना, नवशिक्यांना उत्तमच. पण "एवढंच तुमच्या वाट्याचं" असं कुणी म्हटलं की माझ्यातली मास्तरीण जागी होते. कारण सपाट वाटेवरून अर्धीच गोष्ट दिसते.

उदाहरण देते. मागच्या वर्षी लेकीबरोबर चार दिवस मोर्वांत होते. बर्गंडीतलाच हा डोंगराळ मुलूख, सर्वांत उंच जागासुद्धा जेमतेम ९०१ मीटर. त्याच्या पायथ्याशी निवेर्नेचा कालवा आहे. काठाने सपाट वाट, माहितीपत्रकात तिचे सुंदर फोटो. पण हा कालवा खणायला १७८४ मध्ये घेतला तो कशासाठी? पॅरिसच्या चुली पेटत्या ठेवायला लाकूड नेण्यासाठी. त्याच्याही आधीपासून, सोळाव्या शतकापासून, मोर्वांतले ओंडके ओढ्यांत सोडत, खाली क्लामसी गावी त्यांचे तराफे बांधत आणि नदीतून पॅरिसला नेत. वर डोंगरात ले सेत्तों नावाचा मोठा तलाव आहे. लोक तिथे आता होड्या वल्हवतात. पण ते धरण एकोणिसाव्या शतकात बांधलं गेलं ते ओंडके वाहून न्यायला पाणी सोडता यावं म्हणून. कालव्याकाठी फिरणाऱ्याला लाकूड गेलं कुठे ते कळतं. आलं कुठून ते कळायला चढावंच लागतं.

वर गेल्यावर आणखी एक दिसतं. ओक आणि बीचची जुनी मिश्र झाडी संपते आणि अचानक डग्लस फरच्या सरळ रांगा सुरू होतात. सगळी झाडं एका वयाची, एका उंचीची, खाली गवताचं पातं नाही. मूळ अमेरिकेतलं हे झाड, इमारती लाकडासाठी लावलेलं. पुढच्या वळणावर सगळा उतार कापून बोडका केलेला. स्थानिक लोक यावर वर्षानुवर्षं भांडताहेत. मोटारीतून हे सगळं नुसतं "हिरवंगार" दिसतं. पावणेसहाच्या वेगाने रान आणि लागवड यांतला फरक नाकालासुद्धा कळतो.

आणि दँ-ले-प्लास हे गाव. जून १९४४ मध्ये जर्मन सैन्याने इथले २७ पुरुष मारले, कारण आसपासच्या रानात प्रतिकार करणारे क्रांतिकारक लपले होते. ते इथेच का लपले, हे नकाशा बघून समजत नाही. त्या झाडीतल्या वळणावळणाच्या रस्त्याने स्वतः वर आलं की कुणी न सांगता समजतं.

"पण सुरक्षिततेचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर ठेवायचं, असा कायदा आहे. सगळेच पाळतात असं नाही. लाकडाचे ट्रकही असतात. पण तिथल्या लहान जिल्हा रस्त्यांवर कधी कधी अर्धा तास एक वाहन भेटत नाही. रस्ता निवडायला अक्कल लागते, तारुण्य नव्हे. मिशेलिनचा कागदी नकाशा उघडा. निसर्गरम्य रस्त्याला हिरवी किनार आणि चढाला बाणाची खूण असते. हिरवी किनार आणि बाण किती वेळा एकाच रस्त्यावर सापडतात ते मोजा, माझं म्हणणं लगेच पटेल.

भाच्याची तऱ्हा वेगळी. तो घाट चढतो तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. माथ्यावर पोचला की आधी मिनिटं सांगतो. झाडं कसली होती विचारलं तर म्हणतो, "मावशी, हिरवी होती." चढावं त्याने जोरात, वय आहे. पण त्याने माझ्या सव्वादोन तासांना "स्लो" म्हणू नये. आणि हो, विजेवर चालणाऱ्या सायकलींना नाकं मुरडणाऱ्यांनाही सांगते, गिअर आले तेव्हा देग्रांजने हेच नाक मुरडलं होतं. गुडघे साथ देत नसतील त्यांनी खुशाल बॅटरी लावावी. घाटमाथ्यावर हजेरी घेताना कोण कशाने आलं ते कुणी विचारत नाही.

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण मी वर्गात शेकडो वेळा समजावून सांगितली. पण म्हातारपणी लोक ती आपल्याला सल्ला म्हणून देऊ लागतात, आणि तो काळजीपोटीच असतो, हे कळतं मला. तरीही घरच्यांनो, एवढं करा. पुढच्या खेपेला मला सपाट रस्ता कुठला ते सांगू नका. वाटेत पाण्याचा नळ कुठे आहे आणि सकाळी पावाचं दुकान किती वाजता उघडतं, तेवढं सांगा. बाकीचं माझं मी आणि माझे ३४ दाते बघून घेऊ.