पदवी लोकप्रशासनाची, परीक्षा धुऱ्यावरची

अमडापूर आणि चिखली भागात हल्ली एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. "साहेब, पोरगं लोकप्रशासनात एम. ए. करतो म्हणते. करू द्यावं काय? त्यानं भेटते काय?" 'भेटते काय' याचा अर्थ आपल्याकडे एकच, नोकरी भेटते काय. तर त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. नुसत्या या पदवीने नोकरी भेटत नाही. लोकप्रशासनाची पदवी आहे म्हणून कोणी तहसीलदार करत नाही आणि ती नाही म्हणून कोणाची तहसीलदारी अडत नाही. राज्यसेवेला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. तेव्हा केवळ याच आशेने वावर गहाण ठेवून पोराला पुण्याला पाठवणार असाल, तर थोडं थांबा.

पण म्हणून ही पदवी कुचकामी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. उलट माझं मत असं की, आज गावाला याच विद्येची सगळ्यात जास्त गरज आहे. फक्त ती शिकणारी माणसं चुकीची आहेत. गाव सोडून जायला निघालेली पोरं ती शिकतात, आणि ज्यांनी शिकावी ते ग्रामपंचायतीचे सदस्य, सोसायटीचे सचिव, बचत गटाच्या ताई आणि आमच्यासारखे गावपातळीवरचे कर्मचारी तिच्याकडे पाहतही नाहीत.

कसं ते सांगतो. कृषी विस्ताराचं काम करणाऱ्या माणसाला शेतकरी काय विचारतात? तुम्हाला वाटेल, पिवळा मोझॅक, खोडमाशी, हरभऱ्याची मर. तेही विचारतात. पण धुऱ्यावर पाच मिनिटं उभं राहा, बोलणं कागदावर येतंच. महाडीबीटीवर अर्ज केला, पुढं काय? ई-पीक पाहणी झाली पण सातबाऱ्यावर पीक दिसत नाही. विम्याची तक्रार ७२ तासांत केली, पण पाहायला कोणी आलंच नाही. फार्मर आयडी निघाला, पण नावात चूक. कृषी पदविकेत आम्हाला माती, बियाणं, खत, कीड शिकवली, चांगली शिकवली. कागद नाही शिकवला. आणि शेतकऱ्याचं निम्मं नुकसान किडीने होत असेल, तर निम्मं कागदाने होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता अतिवृष्टीचा पंचनामा घ्या. शासनाच्या निकषाप्रमाणे पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं तरच मदत मिळते. २०१५ च्या आधी ही अट ५० टक्क्यांची होती. पावसाने झोपलेल्या सोयाबीनच्या वावरात तीन माणसं उभी राहतात. महसूलचा एक, ग्रामपंचायतीचा एक, कृषीचा एक. चिखलात बूट रुतलेले, पुढे अजून चाळीस गट पाहायचे, आणि कागदावर आकडा घालायचा आहे. तीस घालायचा की पस्तीस? तीस घातला तर त्या घराला छदाम नाही. पस्तीस घातला तर खात्यावर पैसे. हा निर्णय मंत्रालयात होत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनातही होत नाही. तो धुऱ्यावर होतो, आणि तो घेणारा सरकारी उतरंडीतला शेवटच्या पायरीवरचा माणूस असतो.

लोकप्रशासनाच्या पुस्तकात याला विवेकाधिकार म्हणतात. मायकेल लिप्स्की नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८० साली अशा खालच्या पायरीवरच्या माणसांवर, म्हणजे शिक्षक, पोलीस वगैरेंवर, आख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, वरच्यांनी कागदावर काहीही लिहिलं तरी लोकांच्या वाट्याला येणारं सरकार म्हणजे हाच माणूस आणि त्याने घेतलेला निर्णय. कामाचा बोजा जास्त आणि वेळ कमी असला की हा माणूस आपल्या सोयीचे आडाखे बांधतो. ओळखीच्याचं वावर आधी, रस्त्यालगतचं आधी, आडवळणाचं नंतर. हे वाचताना मला अमेरिका दिसली नाही, आपलाच शिवार दिसला. आपण ज्याला 'साहेबाची मर्जी' म्हणतो त्याला शास्त्र आहे, ते मोजता येतं, त्याला शिस्त लावता येते, हे कळायला मला ही पुस्तकं उघडावी लागली.

ही विद्या परदेशातून आली आणि शहरातच राहिली, असा एक समज आहे. तोही खरा नाही. वुड्रो विल्सन यांनी १८८७ साली प्रशासनाच्या अभ्यासावर निबंध लिहिला, तिथून या विषयाची सुरुवात मानतात, हे खरं. पण भारतात या विषयाचा स्वतंत्र विभाग आधी निघाला तो आपल्या विदर्भात. १९४९-५० च्या सुमारास नागपूर विद्यापीठात 'लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य' असा विभाग सुरू झाला. नाव नीट वाचा, स्थानिक स्वराज्य! त्या वेळी आपला बुलडाणा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, १९४८ च्या कायद्याने जनपद सभांचा प्रयोग चालू होता, आणि गावं-तालुके चालवायला शिकलेली माणसं लागतील, हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं. त्याच्याही आधी डॉ. पंजाबराव देशमुख विलायतेहून बॅरिस्टर आणि डॉक्टरेट होऊन आले, आणि १९२८ साली अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. एवढ्या मोठ्या पदव्या घेऊन त्यांनी जिल्हा कौन्सिल हलकी मानली नाही. तिथे बसून सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या. वसंतराव नाईक समितीने १९६१ साली अहवाल दिला, त्याच वर्षी कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. आज पंचायत समितीत आपण ज्या टेबलापुढे उभे राहतो, ते टेबल त्या अहवालातून आलेलं आहे. नाईकसाहेबही पुसदचे, म्हणजे वऱ्हाडातलेच. असो.

आता ग्रामसभेकडे या. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी तेवढी हजेरी लागते. हजेरी भरली नाही की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही! हे ज्याला माहीत आहे तो पहिल्या दिवशी मुकाट बसतो, दुसऱ्या सभेला आपली पंधरा माणसं आणतो आणि ठराव करून घेतो. ज्याला माहीत नाही तो म्हणतो, "सभा तं झालीच नाही, मंग ठराव कसा झाला?" पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२०-२१ ते २०२५-२६) पैसा गावोगाव आला. त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. किती गावांत लोकांना हे माहीत होतं? ग्रामपंचायतीचे १ ते ३३ नमुने असतात. त्यातला घरटॅक्सचा नमुना ८ सगळ्यांना ठाऊक, कारण तो आपल्या खिशाला लागतो. रोकडवहीचा नमुना ५ मागून पाहणारा गावात एखादा तरी आहे काय?

ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा आता महिलांच्या आहेत. कित्येक ठिकाणी कारभार नवरोबाच पाहतात, हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. या ताईंपैकी एखादीने लोकप्रशासनाची पदवी घरी बसून केली आणि नमुना ५ स्वतः वाचला, तर नवरोबांची खुर्ची आपोआप सरकेल. १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्याला सरपंच व्हायला कायद्याने सातवी पास असावं लागतं. कायदा सातवीवर थांबला म्हणून आपणही तिथेच थांबायचं काय?

कर्मचारी मित्रांनाही दोन शब्द. २०२४ साली ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला, तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. २०२५ मध्ये कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी झाला. पाटी मोठी झाली, बरं वाटलं. पण २००५ च्या दप्तर दिरंगाईच्या कायद्यात काय लिहिलंय, ते आपल्यापैकी किती जणांनी वाचलं? एरवी कोणतीही फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, असं त्यात आहे. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा तर वेळेत सेवा न देणाऱ्याला दंडाची भाषा बोलतो. शेतकऱ्याने हा कायदा दाखवला की आपल्याला राग येतो. आपणच आधी वाचला असता तर राग यायचं कारण उरलं नसतं. आणि एक गोष्ट उघड सांगतो. खात्यातला माणूस शिकायला लागला की सोबतचे म्हणतात, "याले आता साहेब व्हायचं हाय." म्हणू द्या. मीही पदविकेवरच नोकरीला लागलो आणि नोकरी सांभाळून पुढचं शिकतो आहे. बी. एस्सी. कृषीला पूर्णवेळ हजेरी लागते, ती आपल्याला परवडत नाही. शिवाय रोज ज्या प्रश्नांना तोंड द्यावं लागतं ते या दुसऱ्या विषयात आहेत, म्हणून हा विषय.

अभ्यासक्रमावर माझा राग आहे, तोही सांगून टाकतो. विल्सन, वेबर, टेलर, सगळे आहेत. पंचनामा नाही. तहकूब ग्रामसभा नाही. बाजारात गाईड मिळतं, चार प्रश्न पाठ केले की पास. अशी पदवी भिंतीवर लावायला ठीक. खरं तर एम. ए.ला बसणाऱ्या प्रत्येक पोराला आपल्याच ग्रामपंचायतीच्या पाच वर्षांच्या ठरावांचा आणि खर्चाचा अभ्यास करायला लावला पाहिजे. कोणता ठराव अंमलात आला, कोणता रजिस्टरातच राहिला, का राहिला. अमडापूरसारख्या मोठ्या गावात असे विषय पायलीचे पन्नास पडलेत. विद्यापीठाने सांगायची वाट कशाला पाहायची, माहिती अधिकाराचा अर्ज कोणालाही करता येतो.

पुण्याला गेलेल्या पोरांबद्दल थोडंसं. तिथली खाट, मेस, अभ्यासिका हे सगळं सोयाबीनच्या पट्टीवर चालतं आणि सोयाबीनला भाव काय मिळतो ते तुम्हीच जाणता. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे लिहिता आलं पाहिजे. ज्याला जायचं त्याने जावं, मी कोणाचा पाय ओढत नाही. पण किती वर्षं देणार, हे बापलेकांनी जाण्याआधी बसून ठरवावं आणि ते वर्ष आलं की परत यावं.

ज्यांना घरी राहून शिकायचं त्यांच्यासाठी वाट अशी. एम. ए.ला आधी कुठली तरी पदवी पाहिजे. कृषी पदविका म्हणजे पदवी नव्हे, मध्ये बी. ए.चा धुरा ओलांडावाच लागतो. त्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ साली निघालेलं. तिथे मराठीतून बी. ए. होते. पदविका बारावीच्या बरोबरीची धरतात की नाही, हे प्रवेशाआधी अभ्यास केंद्रावर लेखी विचारून घ्या, तोंडी नको. पुढे एम. ए. लोकप्रशासन इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात हिंदी किंवा इंग्रजीतून करता येतं. तिथे जानेवारी आणि जुलै असे दोनदा प्रवेश होतात. कॉलेजात बसून शिकायचं असेल तर नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत स्वतंत्र विभाग आहेत. सरकारी कर्मचाऱ्याने आपल्या कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी आणि तिची प्रत जपून ठेवावी. अर्ज केला की आवक नंबर घ्यायला विसरू नका. आणि ज्यांना प्रवेश घ्यायचाच नाही, त्यांनी निदान पुढच्या ग्रामसभेची नोटीस वाचावी. ती सभेच्या सात दिवस आधी लागते. नाही लागली तर का नाही लागली, हे लेखी विचारावं.